बंदी उठली, पुस्तक परतले नाही: जेम्स लेन प्रकरण

पुस्तकबंदीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्नांवर भांडण होते: पुस्तक चांगले होते का, आणि सरकारने बंदी घातली ते बरोबर केले का. शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकावरून पेटलेल्या जेम्स लेन प्रकरणात दोन्हींवर पुष्कळ बोलून झाले आहे. मला वेगळीच गोष्ट खटकते. मुंबई उच्च न्यायालयाने या पुस्तकावरची बंदी रद्द केली होती; त्याविरुद्धचे महाराष्ट्र सरकारचे अपील ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. म्हणजे हे पुस्तक विकायला, वाचायला, घरात ठेवायला तेव्हापासून बंदीची आडकाठी उरली नाही. तरीही त्याची भारतीय आवृत्ती दुकानात परत आली नाही. न्यायालयात जिंकलेले पुस्तक वाचकापर्यंत का पोचू नये? तारखा क्रमाने लावल्या की याचे उत्तर बरेचसे हाती लागते.

एक वाक्य

जेम्स लेन हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मॅकॅलेस्टर कॉलेजचे प्राध्यापक. भारतीय धर्मपरंपरा हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांचे 'शिवाजी: हिंदू किंग इन इस्लामिक इंडिया' हे छोटेखानी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००३ मध्ये काढले. ते शिवचरित्र नव्हे, आणि हे पुढच्या सगळ्या गदारोळात हरवून गेले. महाराजांविषयीच्या कथा तीनशे-साडेतीनशे वर्षांत कशा घडत गेल्या, बखरकारांनी काय सांगितले, संतपरंपरेने काय जोडले, एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी आणि राष्ट्रवाद्यांनी त्यातून काय उचलले, याचा तो अभ्यास. शेवटच्या प्रकरणात लेन यांनी असा विचार मांडला की, काही गोष्टी अशा असतात ज्यांची कल्पनाही कथा सांगणाऱ्यांना सहन होत नाही. त्या ओघात महाराजांच्या जन्माविषयी आणि आईवडिलांविषयी महाराष्ट्रात कुत्सित विनोद केले जातात, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांनी लिहिले. कोण करते, कुठे ऐकले, कोणत्या कागदात आहे, याचा पत्ता नाही.

माझे मत आडपडदा न ठेवता सांगतो: ते वाक्य संशोधनाच्या कसोटीवर टिकत नाही. ऐकीव टवाळी छापायचीच तर ती कोणाची, कधीची, कुठल्या भागातली, हे सांगणे अभ्यासकाचे काम आहे. ते केले नाही तर वाचकाच्या हाती फक्त टवाळीच उरते. जिजाऊंविषयी मराठी माणसाच्या मनात काय आहे ते वर्षानुवर्षे महाराष्ट्रात येऊन-जाऊन असलेल्या माणसाला ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे. पुढे लेन यांनी माफीही मागितली.

नोव्हेंबर २००३ मध्ये इतिहासाच्या काही अभ्यासकांनी प्रकाशकाला पत्र लिहून या मजकुराचा निषेध केला आणि पुस्तक मागे घ्यावे असे सांगितले. प्रकाशकाने त्याच महिन्यात भारतातून पुस्तक मागे घेतले. तोवर सरकारी आदेश नव्हता, न्यायालयाचा नव्हता, दगडही पडला नव्हता. पुस्तक दुकानातून गेले ते इथेच, २००३ च्या नोव्हेंबरात, एका खासगी कंपनीच्या निर्णयाने. पुढे जे घडले ते जवळजवळ सगळे आधीच दिसेनाशा झालेल्या पुस्तकाभोवती घडले.

आभाराची यादी

पुस्तकाच्या सुरुवातीला लेखक आभार मानतो. ग्रंथपाल, मित्र, भाषा समजावून देणारे शास्त्री, राहायला खोली देणारे. वाचक सहसा ते पान उलटून पुढे जातो. या प्रकरणात मात्र अनेकांनी फक्त तेवढेच पान वाचले.

त्या यादीत पुण्याचे संस्कृत पंडित श्रीकांत बहुलकर यांचे नाव होते, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचेही. २२ डिसेंबर २००३ रोजी शिवसैनिकांनी बहुलकरांच्या तोंडाला काळे फासले. बहुलकरांनी ते वाक्य लिहिले नव्हते. मदत केली होती ती संस्कृतात. नंतर राज ठाकरे यांनी त्यांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. या घटनेने सर्वांत जास्त कोण व्यथित झाले तर लेन यांच्या लिखाणाचा निषेध करणारे गजानन मेहेंदळे. शिवकालाचा प्रत्येक कागद पारखून घेणारा हा अभ्यासक. विद्वानाच्या तोंडाला काळे फासले जाते अशा ठिकाणी शिवचरित्र लिहायचे कशाला, म्हणून त्यांनी स्वतः लिहीत असलेल्या शिवचरित्राची शेकडो पाने फाडून टाकली. लेन यांच्या वाक्याला खरे उत्तर देऊ शकेल असे जे लिखाण होते, त्यातलेच काही असे गेले. पुढे मेहेंदळे यांनी पुन्हा लिहिले, इंग्रजी चरित्रही आले, ती गोष्ट वेगळी.

मग ५ जानेवारी २००४, सोमवार. संभाजी ब्रिगेडचे दीडशेच्या आसपास कार्यकर्ते लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत घुसले. फोनच्या तारा तोडल्या, कपाटे पाडली, काचा फोडल्या, तसबिरी आणि मूर्तींची मोडतोड केली, पुस्तके जमिनीवर लोटली. ७२ जणांना अटक झाली.

भांडारकर संस्था ६ जुलै १९१७ ची. महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथे तयार झाली. देशभरातल्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहत ते काम जवळजवळ अर्धे शतक चालले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. हस्तलिखितांचा संग्रह अठ्ठावीस हजारांच्या वर. ज्यांनी पोथी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पोथीची पाने शिवलेली नसतात. सुटी असतात, वर-खाली लाकडाची पाटी आणि भोवती फडके गुंडाळून गाठ. अशा दोन पोथ्या जमिनीवर सांडल्या तर पाने पुन्हा लावायला त्या काळची लिपी वाचणारा, विषय जाणणारा माणूस लागतो, आणि अशी माणसे मोजकी आहेत. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांत नुकसानीचे आकडे फार मोठे आले. हस्तलिखितांची हानी त्या मानाने कमी निघाली. पुण्यातले विद्यार्थी, अभ्यासक, साधे नागरिक पुढचे कित्येक दिवस तिथे पुस्तके झाडायला आणि लावायला येत राहिले.

या हल्ल्याला जातीचे अस्तर होते हे लपवण्यात अर्थ नाही. इतिहास कोणी लिहायचा, महाराजांचे गुरू कोण, ब्राह्मणांच्या संस्थांनी बहुजनांच्या राजाविषयी काय पसरवले, ही भांडणे महाराष्ट्रात त्याआधीपासून धुमसत होती, आणि त्यातल्या काही तक्रारींना आधारही आहे. लेन यांच्या वाक्याने आयती काडी मिळाली. आभाराच्या यादीतल्या आडनावांनी उरलेले काम केले.

सरकार कोणाच्या बाजूने उभे राहिले

हल्ल्यानंतर चार दिवसांनी, ९ जानेवारीला, पुण्यात गुन्हा दाखल झाला. हल्लेखोरांवरचा वेगळा, हा लेखक, प्रकाशक आणि मुद्रकावर. कलम १५३ आणि १५३-अ, म्हणजे दंगलीला चिथावणी आणि समाजगटांत तेढ पसरवणे. १४ जानेवारीला राज्य सरकारने पुस्तकावर बंदी जाहीर केली. मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे होते. ते वर्ष लोकसभेचे आणि विधानसभेचेही निवडणूक वर्ष होते. विरोधी पक्षांना या प्रश्नावर सरकारच्या मागे राहायचे नव्हते आणि सरकारला विरोधकांच्या. दोनच दिवसांनी मुंबईत विमानतळावर महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आलेले पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बोलले ते वेगळे: पुस्तक आवडले नाही तर चर्चा करा, बंदी हा उपाय नव्हे, विचाराचा मुकाबला विचाराने करायला हवा. पुढे प्रचाराच्या दिवसांत त्यांचाही सूर बदलला. मार्चमध्ये तर लेन यांना आणण्यासाठी इंटरपोलची मदत घेण्याची भाषा सुरू झाली.

क्रम पाहा. आधी पुस्तक मागे घेतले गेले, मग माणसाला काळे फासले, मग संस्था फोडली, आणि मग सरकारने पुस्तकामुळे शांतता धोक्यात येते म्हणून बंदी घातली. शांतता कोणी मोडली त्याचा पुरावा संस्थेच्या जमिनीवर पडला होता. पण तोच पुरावा उलटा फिरवून पुस्तकावर लावला गेला. या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच, एस. रंगराजन खटल्यात, नकार दिला होता. तो खटला एका तमिळ चित्रपटाचा. निदर्शने होतील, हिंसाचार होईल अशा धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दाबता येत नाही, आणि आम्हाला जमाव आवरत नाही ही सबब राज्याला सांगता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मधल्या काळातली एक गोष्ट कमी लोकांना आठवते, पण मला ती या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते. लेन यांचे दुसरे एक पुस्तक आहे, २००१ मध्ये आलेले: कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'चा इंग्रजी अनुवाद, बहुलकरांच्या साह्याने केलेला. 'शिवभारत' म्हणजे महाराजांच्याच आश्रयाने, त्यांच्या हयातीत लिहिले गेलेले संस्कृत काव्य. मराठी वाचकांसाठी ते स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. शिवचरित्राचे हे अव्वल दर्जाचे साधन. २००६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्या अनुवादावरही बंदी घातली. महाराजांच्या पदरच्या कवीने त्यांची गायलेली स्तुती महाराष्ट्रात इंग्रजीतून वाचायची नाही, कारण अनुवादकाचे नाव जेम्स लेन! मूळ दुखणे एका वाक्याचे असते आणि बंदीचे औषध किती लांबवर पसरते, ते यावरून दिसावे.

अधिसूचनेतले शब्द

आता कायदा. पुस्तकावर बंदी असे आपण म्हणतो, पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये शब्द आहे जप्ती. पुस्तकात ठरावीक कलमांखाली गुन्हा ठरणारा मजकूर आहे असे राज्य सरकारला वाटले, तर राजपत्रात अधिसूचना काढून त्याची प्रत्येक प्रत सरकारजमा करता येते. त्यात राजद्रोह, समाजगटांतली तेढ, अश्लीलता, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणे असे मोजकेच गुन्हे आहेत. एकाच गोष्टीने सरकारचे हात थोडे बांधले जातात: आपल्या मताची कारणे अधिसूचनेत लिहावी लागतात. कारणे न लिहिलेली अधिसूचना टिकत नाही, हे हरनाम दास खटल्यात १९६१ पासून ठरलेले आहे. आणि कलम ९६ म्हणते की, त्या पुस्तकात हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकते. अर्ज तीन न्यायमूर्तींच्या खास पीठापुढे चालतो.

'कोणीही व्यक्ती' या शब्दांवर हे प्रकरण पुढे सरकले. लेन आणि प्रकाशक आपापल्या फौजदारी गुन्ह्यातून सुटायच्या खटपटीत होते. जप्तीला आव्हान दिले ते तिघांनी: वकील संघराज रुपवते, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि सामाजिक कार्यकर्त्या कुंदा प्रमिला नीळकंठ. तिघांपैकी एकानेही पुस्तक लिहिले नव्हते, छापले नव्हते, विकायलाही ठेवले नव्हते. ते वाचणाऱ्यांच्या बाजूचे लोक. वाचनस्वातंत्र्य हा शब्द आपण सहज वापरतो. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढणारे इतके थोडे असतात की या तिघांची नावे लक्षात ठेवावीत.

फौजदारी गुन्ह्याचा निकाल आधी लागला. ५ एप्रिल २००७ रोजी मंझर सईद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. १५३-अ साठी तेढ पसरवण्याचा हेतू लागतो, पुस्तक समग्र वाचावे लागते, एखादे वाक्य संदर्भातून उपटून गुन्हा उभा करता येत नाही, हा त्याचा गाभा. निकालात जुनी कसोटी पुन्हा सांगितली आहे आणि ती आपल्या नागपूरची आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात सांगितले होते की, शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, कणखर, धीट माणसाच्या मापाने. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे.

तीन आठवड्यांनी, २६ एप्रिल २००७ ला, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जप्ती रद्द केली. न्यायालयापुढे होती ती २००४ ची नव्हे, तर याच पुस्तकाविषयीची नंतरची, २० डिसेंबर २००६ ची अधिसूचना. तिच्यात लिहिले होते की, या पुस्तकामुळे शांततेचा भंग झाला आहे आणि होण्याचा संभव आहे, विशेषतः छत्रपती शिवाजी महाराजांना मानणारे आणि न मानणारे यांच्यात.

मंत्रालयात बसून हे वाक्य कोणी लिहिले असेल त्याची मला थोडी कीव येते. कलमाला दोन गट हवेत. एकमेकांविरुद्ध उठतील असे दोन धर्म, दोन जाती, दोन भाषा. पहिला गट लिहिणे सोपे: महाराजांना मानणारे. दुसरा कुठून आणायचा? महाराष्ट्रात महाराजांना न मानणारा असा कोणता समाज आहे? मुसलमान? दलित? ब्राह्मण? ज्याचे नाव लिहाल तो उलटून विचारेल की हे तुम्हाला कोणी सांगितले. म्हणून 'न मानणारे' असा पोकळ शब्द टाकून काम भागवले, आणि अधिसूचना तिथेच अडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये न्यायमूर्ती डी. के. जैन आणि एच. एल. दत्तू यांच्या पीठातून हेच धरले: कोणकोणत्या समाजांत वैर निर्माण झाले वा होईल, हे अधिसूचना सांगतच नाही.

सरकारच्या बाजूने एवढे म्हणता येईल की हा निकाल पुस्तकातल्या वाक्याला प्रमाणपत्र देत नाही. ते खरे की खोटे, योग्य की अयोग्य, यात न्यायालय पडले नाही आणि त्याने पडूही नये. नीट कारणे दिलेली जप्ती टिकतेही: त्याच २०१० च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामविरोधी पुस्तकाची जप्ती कायम ठेवली. उलट १९६९ मध्ये याच न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या मराठी पुस्तकाची जप्ती रद्द केली होती. गांधींच्या खुनाच्या कटातला दोषी लिहितो आणि त्याचे पुस्तक सुटते, हे अनेकांना पचले नाही. मलाही ते पुस्तक वाचताना संताप येतो. पण वाचल्यामुळेच मी त्याच्याशी भांडू शकतो.

मग पुस्तक कुठे आहे

पुस्तक अडवणारे चौघे होते: प्रकाशक, जमाव, पोलीस आणि सरकार. न्यायालयाने पोलिसांचा गुन्हा पुसला आणि सरकारची अधिसूचना पुसली. प्रकाशकाने आपणहून मागे घेतलेले पुस्तक त्याने परत छापावे, असा आदेश कोणतेही न्यायालय देत नाही. न छापणे हाही प्रकाशकाचा हक्क आहे. आणि जमावाचे म्हणाल तर जुलै २०१० चा निकाल येताच पुस्तक विकू देणार नाही असे इशारे पुन्हा ऐकू आले. भांडारकरवरच्या हल्ल्याचा खटला रेंगाळत राहिला आणि २०१७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. प्रकाशकाच्या जागी बसून हिशेब करा. एका बाजूला मर्यादित खपाचे एक अभ्यासपर पुस्तक. दुसऱ्या बाजूला गोदाम, कर्मचारी, विक्रेते, आणि संस्था फोडली तरी शिक्षा होत नाही हा अनुभव. मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

याचा खरा तोटा कोणाला झाला? लेन यांना फारसा नाही; त्यांचे पुस्तक परदेशातल्या ग्रंथालयांत आहे. तोटा मराठी वाचकाचा. ते वाक्य जवळजवळ प्रत्येकाने ऐकले आहे, कानगोष्टीतून, भाषणांतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि दरवेळी त्यात भर पडून. त्याच्या मागची-पुढची पाने वाचलेले थोडे. जे वाक्य दीडशे पानांच्या अभ्यासात कोपऱ्यात पडून राहिले असते, एखाद्या परीक्षणात झोडपले गेले असते, ते बंदीमुळे घरोघरी गेले. आणि त्या पुस्तकावर घ्यायला हवे होते ते खरे आक्षेप घेतलेच गेले नाहीत. बखरींचे वाचन बरोबर आहे का, रामदासांविषयीच्या कथांचा कालक्रम नीट लावला आहे का, 'हिंदू' आणि 'इस्लामिक' हे शब्द सतराव्या शतकावर असे बसवता येतात का. यावर मराठीत मोठी, कडाक्याची चर्चा व्हायला हवी होती. ज्यांनी ती करायची त्यांतल्या एकाने आपलीच पाने फाडली, एकाच्या तोंडाला काळे लागले.

१ जुलै २०२४ पासून कलम ९५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ ने घेतली आहे. आकडा सोडला तर फार काही बदललेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने त्याखाली एकाच अधिसूचनेने २५ पुस्तके जप्त केली. लेन प्रकरणात एका पुस्तकासाठी दिलेली कारणे दोन न्यायालयांत टिकली नाहीत, हे लक्षात घेऊन ती अधिसूचना वाचावी. पंचविसांपैकी प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र कारण दिले आहे का, कोणत्या पानावर बोट ठेवले आहे, हे प्रश्न कोणालाही विचारता येतात. हितसंबंध असलेल्या कोणीही व्यक्तीने दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाण्याची तरतूद नव्या संहितेत कलम ९९ मध्ये आहे.